दानियलची बिळे आणि माझी वाक्ये

संस्थेच्या वार्षिक अंकात यंदा आमचे शिपाई दानियल मावची यांचा परिचय यावा, असे अध्यक्ष दिनेशभाऊंनी ठरवले. आणि तो मीच लिहावा, हेही त्यांनीच ठरवले. मी या संस्थेत एकोणीस वर्षे मराठी शिकवतो. एम.ए.ला मी विद्यापीठात तिसरा आलो होतो. या एकोणीस वर्षांत माझा परिचय कोणत्याही अंकात छापला गेलेला नाही. एकदा समूह-छायाचित्र आले होते. त्यात मी मागच्या रांगेत उभा होतो आणि प्रमुख पाहुण्यांच्या फेट्याआडून माझा एक कान तेवढा दिसत होता. ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो आणि सोपवलेल्या कामाला लागतो.

दानियल एक्कावन्न वर्षांचा आहे. माझ्याहून एका वर्षाने लहान. नवापूर तालुक्यातल्या सीमेवरच्या डोंगरात त्याचे गाव आहे. तिथल्या माणसांना गुजरातच्या हद्दीत म्हैस गेली की आणायला जावे लागते आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. घरी भात आणि तूर पिकते. पत्नी रूथ गावातल्या बायकांच्या कपड्यांना काजबटणे करून देते. दहावी त्याने दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण केली आणि ती गोष्ट तो कोणालाही न लाजता सांगतो. तेवीस वर्षे तो रोज सकाळी डोंगरातून मोटारसायकलवर येतो, फाटक उघडतो, फळा पुसतो, पाणी भरतो आणि फाटकाजवळच्या बाकावर बसतो. आलेल्या-गेलेल्याशी बोलणे हे त्याच्या नेमणूकपत्रात नाही. तरी तेच काम तो सर्वांत जास्त करतो.

त्याला एकच छंद आहे. रविवारी चर्चमधली उपासना आटोपली, जेवण झाले, की तो पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यावर खेकडे धरायला जातो. विकत नाही. घरापुरते ठेवतो, बाकीचे शेजारी वाटतो. सोमवारी त्याच्या बोटांवर नांगीचे ओरखडे असतात आणि चेहऱ्यावर असे समाधान असते, की ते पाहून माझा सोमवार आणखी वाईट जातो. मला छंद नाही. मी वाचतो, पण वाचनाला आमच्याकडे छंद म्हणत नाहीत, आजार म्हणतात.

आता मूळ हकिकत. आमची संस्था दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी आणि शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी वर्षभराचा वर्ग चालवते. गेल्या वर्षी त्या वर्गात अकरा जण होते. मे महिन्याच्या अखेरीस दिनेशभाऊ धानोऱ्याहून आले. त्यांचे तिकडे धान्याचे दुकान आहे आणि आजोबांनी काढलेली संस्था हे त्यांच्या मते दुकानाहून अवघड प्रकरण आहे. त्यांनी मला समोर बसवले आणि अहिराणीत सांगितले, "सर, तुम्हनं शिकाडनं भारी शे. पन ऐकनारा कोठे शेतस? एकतीस जुलैलगून तीस जन जोयजेत. नही ते वर्ग बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हंजे कुलूप. खोली संगणकवाला मांगी ऱ्हायना."

वर्ग बंद म्हणजे माझी नोकरी बंद. बावन्नाव्या वर्षी मराठीच्या शिक्षकाला कोण विचारतो, हे मी शहाद्याजवळच्या लोणखेड्याच्या महाविद्यालयांत अर्ज देऊन दोनदा तपासले आहे. ब्राह्मणपुरीतली आमची वडिलार्जित शेती धाकटा भाऊ करतो आणि मी तिथे दिवाळीला पाहुणा म्हणून जातो. म्हणजे मला परत जायला जागा नव्हती. तीस नावे मिळणे किंवा न मिळणे, एवढाच माझा जून-जुलै होता.

दिनेशभाऊंनी नंदुरबारच्या एका माणसाकडून संस्थेचे संकेतस्थळ करून घेतले होते. त्यावर वर्गाची माहिती देणारे पान लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते तीन दिवस बसून लिहिले. त्यातले पहिले वाक्य मला आजही पाठ आहे: "अनुत्तीर्णतेच्या अंधकारातून आत्मविश्वासाच्या अरुणोदयाकडे नेणारा पुनःप्रवेश-मार्गदर्शन वर्ग." हे वाक्य मी पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "चांगलं आहे. कशाबद्दल आहे?"

पान प्रसिद्ध झाले आणि पुढचे तीन आठवडे काहीच झाले नाही. जूनअखेर चार नावे नोंदली गेली. ती चारही फाटकावरून आलेली. नंदुरबारच्या त्या माणसाने एक अहवाल पाठवला. लोक शोधताना कोणते शब्द लिहितात, त्यांतले कोणते आमच्या पानावर आहेत आणि त्या शब्दांवरून किती जण आले, असे तीन रकाने त्यात होते. माझ्या सर्व शब्दांसमोर शून्य होते. खाली त्याने लिहिले होते की, शोधशब्द बदलावेत. 'दहावी' हा शब्द तरी पुरेसा वापरावा. मी अपमान गिळला आणि 'दहावी' हा शब्द पानभर पेरला. एका परिच्छेदात तो अकरा वेळा आला. परिच्छेद वाचवेना, आणि तरीही कोणी आले नाही.

दानियल चहा घेऊन आला तेव्हा तो अहवाल माझ्या टेबलावर होता. पेला ठेवून तो वाकून वाचू लागला. माझ्या टेबलावरचे कागद कोणी वाचलेले मला आवडत नाही.

"सर, ह्या शब्दात कोणी राहत नाही," तो म्हणाला.

"राहत नाही म्हणजे काय?"

"हा बघा. 'पुनःप्रवेश-मार्गदर्शन'. तोंडावर जाळं आहे. बिळावर कोळ्याचं जाळं दिसलं की आम्ही हात घालत नाही. आत खेकडा असता तर येता-जाता जाळं तुटलं नसतं का?"

"हे खेकड्यांचे काम नाही, दानियल."

"नाही, सर. पण आत कोण आहे ते बाहेरून ओळखायचं, एवढंच तर आहे." मग त्याने 'दहावी' या शब्दावर बोट ठेवले. "आणि हे रस्त्याच्या कडेचं बीळ. ह्याच्यात सगळे हात घालतात. पुण्याचे, नाशिकचे क्लासवाले टिकाव घेऊन बसलेत. तिथे आपल्याला काय मिळणार?"

मी त्याला जायला सांगितले. तो गेला, पण दारातून म्हणाला, "रविवारी या ना, सर. दाखवतो."

मी गेलो, ते शिकण्यासाठी नव्हे. या माणसाचे म्हणणे किती पोकळ आहे हे प्रत्यक्ष पाहावे आणि सोमवारी त्याला तसे सांगावे, एवढाच माझा हेतू होता. रूथने चहा दिला आणि माझ्या पॅन्टकडे पाहून नवऱ्याची जुनी लुंगी आणून दिली. ती मी नाकारली. पुढे अर्ध्या तासात मी कमरेपर्यंत चिखलाने माखलो होतो.

ओढ्याच्या काठावर इतकी बिळे होती की मला सर्व सारखीच दिसत होती. दानियल मात्र त्यांच्यासमोरून असा चालला, जसा मी ग्रंथालयात कपाटांसमोरून चालतो. हे मी लिहितो आहे ते मोठेपणाने नव्हे. पाहिल्यावर जे वाटले ते वाटले. एका मोठ्या, गोल, सुबक बिळापाशी मी थांबलो.

"हे चांगले दिसते."

"त्याच्यापासून लांब राहा, सर. तोंड गुळगुळीत आहे. पायांचा माणूस असा घासून जात नाही. पोटावर चालणारा जातो."

मी मागे सरकलो.

"तुम्ही त्या पानावर 'हमखास पास' लिहिलं होतं ना," तो सहज म्हणाला, "तेव्हा कोणाचे फोन आले?"

ते शब्द मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, निराशेच्या भरात, दोन दिवस ठेवले होते. तीन फोन आले. एकाने विचारले, प्रश्नपत्रिका आधी मिळते का. दुसऱ्याला परीक्षेला न बसता प्रमाणपत्र हवे होते. तिसरा स्वतःच प्रमाणपत्रे विकत होता आणि मला टक्केवारी देऊ करत होता. हे मी कोणाला सांगितले नव्हते. पण फोन फाटकाजवळच्या टेबलावर असतो आणि दानियलला कान आहेत.

पुढे तो एका अरुंद, वाकड्या बिळापाशी बसला. ते गवताखाली होते. मला ते दिसलेही नसते. बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या बारीक ओल्या गोळ्या पडल्या होत्या. "ही माती आजची आहे," तो म्हणाला. "कालची सुकलेली नाही. म्हणजे कोणीतरी आज सकाळीच आत-बाहेर केलं. बीळ मोठं असून उपयोग नाही, सर. ताजं पाहिजे." त्याने काडीच्या टोकाला गांडूळ बांधले, काडी आत सोडली आणि हलवली नाही. मी विचारले, किती वेळ? तो म्हणाला, "खळखळ केली की तो खाली जातो. तुम्ही अकरा वेळा दहावी-दहावी केलं, तसं." मग काडी किंचित थरथरली. त्याने दुसरा हात आत घातला आणि तळहाताएवढा काळसर खेकडा बाहेर काढून, पोट उलटून पाहिले. मादी होती, पोटाशी अंडी होती. त्याने ती परत त्याच बिळात सोडली आणि उठला.

मी सोमवारी त्याला काहीही बोललो नाही.

त्याने मात्र मला एक कागद दिला. वहीच्या पानावर, उजव्या बाजूला कलंडलेल्या अक्षरात, नऊ वाक्ये. ती त्याने रचलेली नव्हती. फाटकाशी येऊन माणसे जसे विचारतात, तसेच त्याने उतरवले होते. 'दहावीला गणितात राहिलो आता काय करू.' 'सुरतला कामाला आहे, सुटी घेऊन परीक्षा देता येते का.' 'शाळा सोडल्याचा दाखला हरवला तर दहावीचा फॉर्म भरता येतो का.' 'चाळीस वय झालं, दहावी देता येते का.' आणि सर्वांत खाली: 'लग्न झालेल्या बाईला दहावीला बसता येतं का.'

"ही शेवटची जास्त येतात," दानियल म्हणाला. "दुपारी. आत येत नाहीत. फाटकाबाहेरूनच विचारतात, दुसऱ्या कुणासाठी विचारतोय असं दाखवून."

एकोणीस वर्षांत मला या बायका दिसल्या नव्हत्या. दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत असतो.

माझा अरुणोदय काढून टाकताना मला काय वाटले, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. मी ती नऊ वाक्ये नऊ मथळे म्हणून घातली आणि प्रत्येकाखाली चार ओळींत सरळ उत्तर लिहिले. उत्तरे माझी होती, हे कोणी तरी नोंदवावे. फॉर्म कोणता, कागद कोणते, वर्गाची वेळ काय, वयाची अट नाही, लग्नाची तर नाहीच.

चौथ्या दिवशी पहिला फोन आला. मग रोज येऊ लागले. वापीच्या कारखान्यातून एक जण बोलला; मागे यंत्राचा आवाज एवढा होता की त्याला स्वतःचे नाव तीनदा ओरडून सांगावे लागले. एक गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे निघाले. आणि दुपारी, फाटकाबाहेर थांबणाऱ्या बायका आत येऊ लागल्या. त्यांत पहिली हलीमा होती. नवापुरातल्या जुन्या घरातली, वय चौतीस, ब्लाउज शिवते. आठवीनंतर शाळा सुटलेली. तिने फॉर्म भरला, सही केली आणि दानियलला म्हणाली, "दानियलभाई, चौकीदार म्हणजे असा पाहिजे. आधी दार उघडतो, मग विचारतो." मला तिने नमस्कार केला. नमस्कार मला, कौतुक त्याला. यापुढे हीच वाटणी कायम झाली.

वीस जुलैपर्यंत चोवीस नावे झाली. त्या दिवशी दिनेशभाऊ पेढे घेऊन आले. त्यांनी सर्व शिक्षकांना बोलावले, दानियलला मध्ये उभे केले आणि म्हणाले, "ह्या मानूसनी आपला वर्ग वाचाडा. सर, तुम्ही येम्मे शेतस ना? बठा ह्यान्हापाशी. काही शिका." सगळे हसले. दानियल नाही हसला. तो खाली पाहत म्हणाला, "लिहिलं तर सरांनीच, भाऊ." आणि या वाक्याने माझे जे नुकसान झाले ते त्या हशाने झाले नव्हते. कोणी आपली बाजू घ्यावी आणि ती त्याने घ्यावी!

पेढा मी खाल्ला. तो गोड होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीत एकटा असताना, मी संकेतस्थळ उघडले आणि ते शेवटचे वाक्य काढून टाकले. त्या जागी लिहिले: "विवाहित भगिनींसाठी शैक्षणिक पुनःप्रवेशाची सुवर्णसंधी." खालचे उत्तरही त्या मथळ्याला शोभेल असे केले. मनाशी कारण तयार ठेवले, की शैक्षणिक संस्थेच्या पानावर 'बाई' आणि 'बसता येतं का' अशी भाषा बरी दिसत नाही. हे कारण खोटे नव्हते. पण त्यासाठी मी ते केले नाही. चोवीस झालेच होते. उरलेले सहा जण बाकीच्या आठ वाक्यांतून येतील, असा हिशेब केला. आणि त्या सहांत एक तरी माझ्या वाक्यावरून यावा, एवढीच माझी मागणी होती.

पहिले दोन दिवस फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक रिकामे होते. चौथ्या दिवशीही. फोन दोन आले, ते दोन्ही चौकशीचे; नाव एकही नाही. दानियल बाकावर बसून रस्त्याकडे पाहत होता. मी बाहेर गेलो तेव्हा म्हणाला, "सर, दुपारच्या बायका थांबल्या."

"शोधयंत्राचे असेच असते," मी म्हणालो. "कधी वर, कधी खाली. तांत्रिक बाब आहे."

"हो का," तो म्हणाला आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला.

सव्वीस तारखेला हलीमा आली. या वेळी ती फाटकाशी थांबली नाही. थेट माझ्या टेबलापाशी आली, दानियल तिच्या मागे.

"सर, वो पन्ना कहाँ गया?"

"कोणते पान?"

"तेच, लग्न झालेल्या बाईला दहावीला बसता येतं का. माझी नणंद हुमा उच्छलला असते. तिला मी सांगितलं, एवढा सवाल टाक, पहिलंच आपलं येतं. चार दिवस टाकतेय बेचारी. कुठलं तरी लग्नाचं वय येतं, कोर्टाचं येतं, आपलं येतच नाही. ती म्हणते, भाभी, तू मला खोटं बोललीस."

"तिला सरळ लिंक पाठवायची होती," मी म्हणालो. "एवढे तर सोपे आहे."

हलीमाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी विद्यार्थी आहे आणि सोपे उदाहरण चुकलो आहे. "सर, फोन कुणाचा आहे? नवऱ्याचा. तिथे मी लिंक पाठवली तर आधी वाचणार कोण? आमच्याकडे असं नाही चालत. आम्ही सवाल तोंडपाठ करतो. स्वयंपाक करताना सांगतो, कपडे धुताना सांगतो. नवरा अंघोळीला गेला की फोन घ्यायचा, सवाल टाकायचा, वाचायचं, पुसून टाकायचं. मला काझी मोहल्ल्यातल्या बाईने असाच सांगितला होता. मी सात जणींना सांगितला. त्या सात जणींनी अजून किती जणींना सांगितला असेल, मला काय माहीत. आता सगळ्या टाकत असतील आणि कोर्ट वाचत असतील."

मी खिडकीबाहेर पाहिले. खिडकीबाहेर काही नव्हते.

आजवर मी समजत होतो की ते एक ओबडधोबड वाक्य आहे आणि ते नशिबाने चालले. ते वाक्य या गावातून त्या गावात, चुलीवरून नळावर, एका बाईच्या तोंडून दुसरीच्या कानात जात होते. शब्द न बदलता, जसे मी अभंग पाठ करवून घेतो आणि माझे विद्यार्थी करत नाहीत. बायकांना ते पाठ होते, कारण ते त्यांचेच होते. आणि त्या ज्या दारावर ते म्हणत होत्या, ते मी आतून लावून घेतले होते. आपली सहा नावे त्या दाराबाहेर उभी होती.

"काही तरी बिघाड झाला असेल," मी म्हणालो. "आज दुरुस्त होईल."

"आजच करा, सर," हलीमा म्हणाली. "हुमाची सासू परवा सुरतला चालली आहे. तेवढ्या चार दिवसांतच तिला इथे येऊन फॉर्म भरता येईल."

ती गेली. दानियल गेला नाही. तो टेबलावरचे रिकामे पेले उचलत राहिला. दोनच होते, पण त्याने बराच वेळ घेतला. मी संगणक सुरू केला, माझी सुवर्णसंधी पुसली आणि ते वाक्य त्याच्या जागी पुन्हा लिहिले. प्रत्येक शब्द मला आठवत होता. कागद पाहावा लागला नाही.

"झाले," मी म्हणालो.

"झालं," तो म्हणाला.

मग जे मला करायचे नव्हते ते मी केले. "दानियल, तो बिघाड नव्हता. ते वाक्य मी काढले होते."

"माहीत आहे, सर."

"केव्हापासून?"

"काढलं त्याच संध्याकाळी. मी रोज घरी गेल्यावर रूथच्या फोनवर सवाल टाकून बघतो. ती म्हणते, तुला दहावी पुन्हा द्यायची आहे का?"

"मग बोलला का नाहीस? पाच दिवस!"

त्याने पेले परत टेबलावर ठेवले. "काय बोलणार, सर? वर्ग बंद झाला तर मला दुसऱ्या फाटकावर बसवतील. संगणकवाल्यालाही शिपाई लागतोच. हा वर्ग म्हणजे घर तुमचं, ते जाणार होतं. म्हटलं, स्वतःचं घर आहे, स्वतःच परत नीट करतील."

"आणि नसते केले तर?"

"उद्यापर्यंत बघणार होतो. मग वहिनींना फोन करणार होतो."

माझ्या पत्नीला! मी हसलो. मला हसायचे नव्हते. ते आवाजासकट आले. तोही हसला, आणि त्या एका क्षणापुरते आमचे वैर, जे एकट्या माझ्याकडूनच होते, बाजूला पडले.

एकोणतीसला हुमा आली, उच्छलच्याच आणखी दोघी घेऊन. तिने भावजयीच्या हाताला धरून फॉर्म भरला आणि जन्मतारीख लिहिताना एकदाच रडली. पान दोन दिवसांत पूर्वीच्या जागी आले. तीसला कमलीबाई नावाच्या एक गृहिणी डोंगरातून पायी आल्या. मग वापीचा तो यंत्राजवळचा माणूस सुटी काढून आला, आणि एकतीसच्या दुपारी, कचेरी बंद होण्याच्या आधी, आणखी एक बाई. दिनेशभाऊंनी यादी मोजली, पुन्हा मोजली, आणि म्हणाले, "तीस. चालू ठेवा." मला वाटले होते मोकळे वाटेल. वाटले ते असे, की कोणीतरी हातातून पडलेली माझी वस्तू उचलून माझ्याच हातात ठेवली आहे.

वर्ग सुरू होऊन आता दोन महिने झाले. तीस जण बसतात. त्यांत अकरा बायका. हलीमा पहिल्या बाकावर बसते आणि माझी चूक काढते. मी बरा शिकवतो, हे त्यांच्यापैकी काहींनी मला सांगितले आहे. तास संपला की त्या मात्र फाटकाशी रेंगाळतात आणि शंका दानियलला विचारतात. व्याकरणाची नव्हे, परीक्षेला घरून कसे निघायचे, सासूला काय सांगायचे, अशा. तो त्यांना उत्तरे देतो. मी खोलीतून ऐकतो.

दानियल मावची हा प्रामाणिक, कामसू आणि मनमिळाऊ कर्मचारी आहे, असे परिचयात लिहिण्याची पद्धत आहे. ते खरे आहे. मी त्याचा हेवा करतो, हेही खरे आहे. आणि तो अजून कमी झालेला नाही. त्याची हुशारी मी एक दिवस विसरेन. पाच दिवस रोज संध्याकाळी तो प्रश्न टाकून, माझे कृत्य पाहून, दुसऱ्या सकाळी त्याने माझ्यासमोर चहा ठेवला आणि साखर बरोबर होती. ते मला जमले नसते.